फाइलचे हरवलेले नाव : मॅजेंटो दुकान-प्रणालीतील सदोष कॉन्फिगरेशन फाइलींचा शोध

ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या संगणक-प्रणालीत दोन प्रकारचा मजकूर असतो. एक म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा प्रोग्राम, आणि दुसरा म्हणजे त्या प्रोग्रामचे कोणते भाग सुरू ठेवायचे, कोणत्या पत्त्यावरील मागणी कोणाकडे पाठवायची, डेटाबेस कोठे आहे, पानावर कोणता घटक कोठे बसवायचा, हे सांगणाऱ्या फाइली. या दुसऱ्या प्रकाराला कॉन्फिगरेशन फाइल असे म्हणतात. २००८ साली बाजारात आलेल्या मॅजेंटो या दुकान-प्रणालीने हा दुसरा भाग इतका विस्तारला की, दुकान बिघडले असता कारण प्रोग्रामच्या ओळींत शोधण्याऐवजी अनेकदा याच फाइलींत शोधावे लागे. आणि त्या शोधात पुढे कित्येक वर्षे एक विचित्र अडचण राहिली, ती म्हणजे चूक कोणत्या ओळीत आहे हे प्रणाली सांगत असे, पण कोणत्या फाइलच्या ओळीत आहे हे सांगत नसे. मॅजेंटोतील दोष-शोधाचा इतिहास हा बऱ्याच अंशी हे हरवलेले नाव परत मिळवण्याचा इतिहास आहे.

मॅजेंटोच्या आधीच्या पिढीत ही अडचण नव्हती. मार्च २००० मध्ये जर्मनीत हॅराल्ड पोन्स दे लिओन यांनी सुरू केलेली ओएस-कॉमर्स ही मुक्त दुकान-प्रणाली पीएचपी भाषेत लिहिलेली होती. तिची प्राथमिक माहिती एका छोट्या पीएचपी फाइलमध्ये आणि उरलेल्या सेटिंग्ज डेटाबेसमधील एका तक्त्यात राहत. दुकानदाराला नवी सोय हवी असल्यास तो इतरांनी मोफत उपलब्ध करून दिलेली भर उतरवून घेई, आणि तिच्यासोबतच्या सूचनापत्रात ‘अमुक फाइल उघडा, तमुक ओळ शोधा, तिच्याखाली हा मजकूर चिकटवा’ अशा स्वरूपाचे आदेश असत. ही पद्धत अर्थातच धोक्याची होती, कारण दहा-बारा भरींनंतर मूळ फाइल ओळखू येत नसे आणि नवी आवृत्ती आली की सगळी चिकटवाचिकटवी पुन्हा करावी लागे. मात्र तिचा एक गुण पुढे कोणाच्या लक्षात राहिला नाही : एखादा कंस राहून गेला तर पीएचपी स्वतःच फाइलचे पूर्ण नाव आणि ओळीचा क्रमांक पडद्यावर छापत असे, आणि दुरुस्ती काही मिनिटांत होई.

लॉस एंजेलिस येथील व्हेरियन ही कंपनी अशाच दुकानांची कामे करत असे. रॉय रुबिन आणि योआव कुटनर या तिच्या संस्थापकांनी आधी ओएस-कॉमर्सच्याच पायावर सुधारित प्रणाली उभारण्याचा विचार केला, परंतु २००७ मध्ये तो सोडून देऊन सर्व काही नव्याने लिहिण्याचे ठरवले. नव्या प्रणालीची चाचणी-आवृत्ती ३१ ऑगस्ट २००७ रोजी आणि पहिली पूर्ण आवृत्ती ३१ मार्च २००८ रोजी प्रसिद्ध झाली. झेंड फ्रेमवर्क या पीएचपी-चौकटीवर आधारलेल्या या रचनेचा मुख्य हेतू मूळ फाइलींना कोणाचाही हात लागू नये हा होता. प्रत्येक सोय ‘मॉड्यूल’ म्हणजे स्वतंत्र घटक म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये राहील, आणि आपण कोण आहोत, कोणावर अवलंबून आहोत, मूळ प्रणालीतील कोणता वर्ग (क्लास) बाजूला सारून आपला वर्ग वापरला जावा, हे सर्व ती आपल्या एक्सएमएल फाइलमधून जाहीर करील, अशी ही कल्पना होती. जावाच्या जगात स्ट्रट्स आणि स्प्रिंग यांसारख्या चौकटींनी ही पद्धत आधीच रूढ केली होती, आणि तिच्या अतिरेकाविरुद्ध २००४ मध्ये आलेल्या रेल्सने ‘संकेत पाळा, फाइली कमी लिहा’ असा उलटा पवित्रा घेतला होता. व्हेरियनने वारा बदलत असतानाही जुनी वाट निवडली, आणि भरींनी विद्रूप झालेली दुकाने पाहिलेल्या मंडळींनी ती निवडावी यात नवल नव्हते.

या रचनेत ‘ॲप/ईटीसी’ या फोल्डरमध्ये डेटाबेसचा पत्ता व गुप्त किल्ली ठेवणारी ‘लोकल.एक्सएमएल’ असे, त्याच्या आतील ‘मॉड्यूल्स’ फोल्डरमध्ये प्रत्येक घटकाची छोटी जाहिरात-फाइल असे, आणि प्रत्येक घटकाच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग.एक्सएमएल’, व्यवस्थापकाच्या पडद्यांसाठी ‘सिस्टम.एक्सएमएल’ इत्यादी फाइली असत. पानांची मांडणी सांगणाऱ्या ‘लेआउट’ फाइली निराळ्याच. दुकान सुरू होताना मॅजेंटो कॉन्फिगरेशनच्या या फाइली एकामागून एक वाचून त्यांचा एकच विशाल वृक्ष बनवी, त्यावर डेटाबेसमधील ‘कोअर-कॉन्फिग-डेटा’ या तक्त्यातील मूल्ये चढवी, आणि पुढचे सर्व व्यवहार त्या एकत्रित वृक्षाला विचारून करी. एकदा वृक्षात मिसळल्यावर कोणती फांदी कोणत्या फाइलमधून आली याची खूण कोठेही उरत नसे.

एक्सएमएल या भाषेची कुळकथा येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. आयबीएममध्ये १९६९ च्या सुमारास चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी दस्तऐवजांना खुणा करण्याची जीएमएल ही पद्धत तयार केली. तिच्यातून १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झाले. आणि त्याचे सोपे रूप म्हणून १० फेब्रुवारी १९९८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने एक्सएमएलला मान्यता दिली. या भाषेतील मजकूर ‘सुघटित’ असावा लागतो, म्हणजे त्याला एकच मूळ घटक असावा, उघडलेली प्रत्येक खूण उलट क्रमाने बंद व्हावी, गुणधर्मांची मूल्ये अवतरणचिन्हांत असावीत, लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळला जावा. ‘वैध’ असणे ही याहून वेगळी व वरची पायरी आहे, कारण त्यात मजकूर एखाद्या ठरावीक नमुन्याशी ताडून पाहिला जातो.

सुघटितपणा मोडला तर काय करायचे, यावर १९९७ मध्ये मानक-समितीत जोरदार वाद झाला. वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल भाषेत ब्राउझर वाटेल तशी चूक पोटात घालत असत, आणि त्यामुळे प्रत्येक ब्राउझरला इतरांच्या चुका सांभाळण्याचे ओझे वाहावे लागे. हे नव्या भाषेत नको, असा आग्रह धरणाऱ्यांचा विजय झाला, आणि सुघटितपणाची चूक ही प्राणघातक चूक मानली जाईल, ती आढळताच वाचक-प्रोग्रामने पुढील नेहमीचे काम थांबवून चूक कळवली पाहिजे, असा नियम झाला. प्राचीन अथेन्सचा कठोर कायदेकर्ता ड्रेको याच्या नावावरून या भूमिकेला ‘ड्रेकोनियन’ म्हटले गेले. वेबपानांच्या बाबतीत ही कठोरता टिकली नाही. एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीने चुकांतून सावरण्याची रीतच नियमबद्ध केली. कॉन्फिगरेशनच्या बाबतीत मात्र कठोरता योग्यच होती, कारण डेटाबेसचा पत्ता अंदाजाने वाचणे कोणालाच परवडणारे नाही. या नियमाची दोन अंगे होती, थांबणे आणि कळवणे, आणि मॅजेंटोच्या बाबतीत दुसरे अंग पांगळे झाले.

ते कसे झाले हे पाहण्यासाठी प्रणालीच्या पोटात शिरावे लागते. जुलै २००४ मध्ये आलेल्या पीएचपीच्या पाचव्या आवृत्तीत ‘सिंपल-एक्सएमएल’ ही सोय होती. तिच्याखाली डॅनियल वेयार यांनी ग्नोम प्रकल्पासाठी लिहिलेले ‘लिब-एक्सएमएल-२’ हे ग्रंथालय काम करत असे. या सोयीत वाचनाचे दोन दरवाजे आहेत. एका दरवाजाने फाइलचे नाव दिले जाते आणि ग्रंथालय स्वतः ती उघडते. अशा वेळी चूक आढळल्यास संदेशात त्या फाइलचे नाव येते. दुसऱ्या दरवाजाने आधीच वाचलेला मजकूर, म्हणजे केवळ एक अक्षरमाला, हाती दिली जाते. तेव्हा ग्रंथालयाला तो मजकूर कोठून आला हे ठाऊकच नसते, आणि संदेशात नावाच्या जागी ‘एंटिटी’ एवढा मोघम शब्द आणि ओळीचा क्रमांक येतो. व्हेरियनच्या वाचक-वर्गाने दुसरा दरवाजा निवडला. त्यातील फाइल उघडणारे फंक्शन आधी फाइलचा सगळा मजकूर वाचून घेई, मग तो एका मधल्या फंक्शनमधून फिरवी, आणि त्यानंतर अक्षरमाला म्हणून सिंपल-एक्सएमएलकडे सोपवी. मधले फंक्शन ठेवण्यामागे हेतू असा की, पार्सिंगच्या, म्हणजे खुणा उलगडून वाचण्याच्या, आधी मजकुरात काही बदल करायचे असल्यास एखाद्या उपवर्गाला ते करता यावेत. लेआउट फाइलींत अशा बदलांचा खरोखर उपयोग होता, कारण तेथे दुकानाच्या पत्त्यासाठी ठेवलेली सांकेतिक जागा वाचनाच्या वेळी खऱ्या पत्त्याने भरली जाई. कॉन्फिगरेशनच्या मूळ वाचक-वर्गात मात्र हे मधले फंक्शन मजकूर जसाच्या तसा परत देत असे. म्हणजे जी सोय तेथे रिकामीच होती तिच्यासाठी फाइलचे नाव टाकून दिले गेले.

याचा परिणाम म्हणून चूक झाली की संदेशात ‘एंटिटी, ओळ १२’ असे येई, आणि पुढे फाइलचे नाव म्हणून जे दिसे ते सदोष फाइलचे नसून वाचक-वर्गाचे, म्हणजे ‘लिब/व्हेरियन/सिंपल-एक्सएमएल/कॉन्फिग.पीएचपी’ याचे असे. नवखा प्रोग्रामर साहजिकच ती फाइल उघडून तिच्यातील दाखवलेली ओळ न्याहाळत बसे, आणि तेथे काहीच चुकलेले नसे. संदेश तीन तुकड्यांत येई : पहिल्यात चुकीचे वर्णन, दुसऱ्यात चुकलेल्या ओळीचा मजकूर, तिसऱ्यात नेमकी जागा दाखवणारे टोपीचे चिन्ह. अनुभवी माणसे पहिला तुकडा सोडून दुसऱ्याकडे पाहत आणि तो मजकूर साऱ्या फोल्डरांत शोधत. खूण बंद करायची राहून गेली असेल तर हाही उपाय अपुरा पडे, कारण पार्सरला, म्हणजे वाचक-प्रोग्रामला, विसंगती जेथे जाणवते ती जागा चूक जेथे झाली तिच्या बरीच पुढे, कित्येकदा फाइलच्या अगदी शेवटी असते.

हे सर्व संदेश दिसला तर. मॅजेंटोत ‘डेव्हलपर मोड’ नावाची एक अवस्था होती. ती चालू असेल तर पीएचपीच्या साध्या इशाऱ्याचेही अपवादात रूपांतर होऊन काम थांबे. ती बंद असेल, आणि प्रत्यक्ष धंदा करणाऱ्या दुकानात ती बंदच असणार, तर इशारा लॉगमध्ये म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये जाई, आणि ही नोंद ठेवण्याची सोय सुरुवातीला बंद स्थितीतच येत असे. मग सदोष फाइल वाचता आली नाही म्हणून वृक्षात मिसळली जात नसे, वाचक-फंक्शन ‘असत्य’ एवढेच उत्तर देई, आणि मॅजेंटो पुढच्या फाइलकडे वळे. लेआउटच्या बाबतीत तर ‘वाचता आली नाही तर पुढे चला’ हीच आज्ञा लिहिलेली होती. पार्सर ड्रेकोच्या कठोरतेने थांबत होता, पण त्याच्यावर बसलेली प्रणाली ते थांबणे गिळून टाकत होती. दुकानदाराला दिसे ते इतकेच की, काल चालणारी पैसे भरण्याची पद्धत आज यादीत नाही, किंवा पानाचा एक भाग कोरा आहे. एक्सएमएलची किचकटता हा मॅजेंटोवरचा नेहमीचा आरोप; पण खरा दोष या गिळून टाकण्यात होता.

‘लोकल.एक्सएमएल’च्या बाबतीत लक्षण आणखी चमत्कारिक होते. दुकानाची उभारणी झाली आहे की नाही हे मॅजेंटो त्या फाइलमधील उभारणीच्या तारखेवरून ठरवी. फाइल जागेवर नसेल तर चालते दुकान ग्राहकापुढे थेट उभारणीचा पडदा मांडे. शिवाय ‘ॲप/ईटीसी’मधील एक्सएमएल शेपटाची प्रत्येक फाइल वर्णानुक्रमे वाचली जात असल्याने, एखाद्याने सावधगिरी म्हणून तिची प्रत काढून ‘लोकल-बॅकअप.एक्सएमएल’ अशा नावाने शेजारीच ठेवली तर ती प्रतही निमूटपणे वृक्षात मिसळे. यात सुघटितपणाची चूक कोठेच नसे, म्हणून कोणताही पार्सर तक्रार करत नसे.

कारण आणि परिणाम यांत स्थळाचे अंतर होते तसे काळाचेही होते. शेकडो फाइली प्रत्येक ग्राहकासाठी नव्याने वाचणे परवडत नसल्याने तयार वृक्ष ‘कॅश’मध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवला जाई, आणि तो रिकामा होईपर्यंत फाइलींकडे कोणी पाहत नसे. त्यामुळे सदोष फाइल सर्व्हरवर चढवल्यानंतरही दुकान बिनतक्रार चालू राही, आणि काही दिवसांनी दुसऱ्याच कोणी दुसऱ्याच कामासाठी कॅश रिकामा केला की ते मोडे. संशय अर्थातच कॅश रिकामा करणाऱ्यावर येई.

दोषांचे प्रकार पाहिले तर त्यांतील बहुतेक नकलेतून आलेले दिसतात. एखाद्या लेखातून उचललेल्या नमुन्यात सरळ अवतरणचिन्हांच्या जागी छपाईची वक्र चिन्हे असत. मजकुरात सुटे अँपरसँड म्हणजे & हे चिन्ह असे; एक्सएमएलमध्ये ते विशेष अर्थाचे असल्याने सांकेतिक रूपात लिहावे लागते. फाइलच्या पहिल्या ओळीतील घोषणेच्या आधी एखादी रिकामी ओळ किंवा जागा राही, आणि घोषणा अगदी आरंभीच असली पाहिजे या नियमामुळे सारी फाइल बाद होई. काही भाग तात्पुरता बंद करण्यासाठी टिप्पणीत टाकला जाई आणि त्याच्या आत आधीच एक टिप्पणी असे. टिप्पणीच्या पोटात सलग दोन आडव्या रेषा चालत नाहीत हे फार थोड्यांना माहीत होते. अनेकजण एकाच फाइलवर काम करत असतील, तर आवृत्ती-नियंत्रणाच्या साधनाने मतभेदाच्या जागी घातलेल्या कोनी कंसांच्या रांगा तशाच राहून जात.

शोधाच्या रीती कंपनीने शिकवलेल्या नव्हत्या. त्या कामातून तयार झाल्या आणि एकमेकांना सांगत पसरल्या. सर्वांत प्रचलित रीत अशी की, वाचक-वर्गातील फाइल उघडणाऱ्या फंक्शनमध्ये तात्पुरती एक ओळ घालून उघडल्या जाणाऱ्या प्रत्येक फाइलचे नाव छापायचे, पान पुन्हा मागवायचे, आणि इशाऱ्याच्या लगेच आधी छापलेले नाव टिपायचे. यात मूळ फाइलींना हात लावायचा नाही या मॅजेंटोच्या पहिल्याच नियमाचा भंग होई, आणि तो सर्वजण बिनदिक्कत करत, कारण टाकून दिलेले नाव अजून हातात असलेली ती शेवटची जागा होती. दुसरी रीत घटक निम्मे-निम्मे बंद करत जाण्याची. जाहिरात-फाइलचे शेपूट बदलले की तो घटक प्रणालीला दिसेनासा होई, आणि काही फेऱ्यांत दोषी घटक उरे. तिसरी आणि सर्वांत निर्मळ रीत मॅजेंटोला बाजूला ठेवण्याची होती : लिब-एक्सएमएल-२ सोबतच येणारी ‘एक्सएमएल-लिंट’ ही छोटी आज्ञा सर्व एक्सएमएल फाइलींवर फिरवली की ती प्रत्येक फाइल स्वतः नावानिशी उघडते, आणि म्हणूनच दोषी फाइलचे नाव व ओळ दोन्ही सांगते. तेच ग्रंथालय, तीच चूक. फरक फक्त दरवाजाचा. ॲलन स्टॉर्म यांच्या लेखमालेने या वृक्षाची घडण पीएचपी-प्रोग्रामरांना समजावून दिली, आणि नेट्झ-९८ या जर्मन कंपनीच्या ‘मेजरन’ या आज्ञावलीने एकत्रित वृक्ष सबंध छापून पाहण्याची सोय दिली, ज्यामुळे एखादी फांदी मुळात वृक्षात आली की नाही हे तरी कळू लागले.

निर्दोष फाइलही सदोष भासावी असा एक प्रसंग पुढे उद्भवला. एक्सएमएलमध्ये बाहेरच्या फाइलचा मजकूर आत ओढण्याची जी मुभा आहे, तिचा गैरवापर करून सर्व्हरवरील गुप्त फाइली वाचता येतात. झेंड फ्रेमवर्कमधील असा दोष २०१२ मध्ये उघड झाला आणि मॅजेंटोलाही दुरुस्ती काढावी लागली. या धोक्यावर पीएचपीत बाह्य मजकूर आणणे बंद करणारी एक कळ वापरली जाई. ‘एफपीएम’ या पद्धतीने पीएचपी चालवली असता, एका मागणीत दाबलेली ती कळ त्याच प्रक्रियेतील पुढच्या, दुसऱ्याच कोणाच्या मागणीतही दाबलेलीच राही, आणि मग नावानिशी उघडायची फाइल ‘बाह्य’ ठरून वाचण्यास नकार मिळे. दोष कधी दिसे, कधी नाहीसा होई, आणि फाइल कितीही वेळा तपासली तरी सुघटितच निघे.

दरम्यान मालकी बदलत गेली. ईबेने २०११ मध्ये मॅजेंटो पूर्णपणे विकत घेतली, २०१५ मध्ये ती पर्मिरा या गुंतवणूक-संस्थेकडे गेली, आणि २०१८ मध्ये अडोबीने १.६८ अब्ज डॉलरला घेतली. नोव्हेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत कॉन्फिगरेशनची पद्धत पुन्हा आखली गेली. फाइलच्या प्रत्येक प्रकाराला आता ‘एक्सएसडी’ म्हणजे नमुना-आराखडा मिळाला. ही आराखड्याची भाषा २००१ पासून मानक म्हणून उपलब्ध होती, पण पहिल्या आवृत्तीने कॉन्फिगरेशनसाठी तिचा आधार घेतला नव्हता. नव्या आराखड्यांमुळे सुघटित असूनही चुकीच्या नावाची खूण, जी पूर्वी वृक्षाच्या एका कोपऱ्यात कोणी न विचारता पडून राही, ती डेव्हलपर मोडमध्ये लगेच पकडली जाऊ लागली. त्याहून महत्त्वाचा बदल मात्र लहानसा होता. फाइली वाचणारा नवा वर्ग मजकूर आणि त्याच्या फाइलचा मार्ग जोडीने फिरवतो, आणि चूक आढळताच ‘अमुक फाइलमधील एक्सएमएल सदोष आहे’ असा नावासह अपवाद फेकून थांबतो. सुघटितपणाची ही तपासणी चालत्या दुकानातही होते. आराखड्याशी ताडणे तेवढे डेव्हलपर मोडपुरते ठेवलेले आहे. डेटाबेसचा पत्ता व घटकांची यादी तर एक्सएमएलमधून काढून साध्या पीएचपी फाइलींत नेण्यात आली, म्हणजे डेटाबेसचा पत्ता ओएस-कॉमर्सच्या काळी जेथे असे तेथेच परत आला.

पहिल्या आवृत्तीचा अधिकृत आधार ३० जून २०२० रोजी संपला. ओपन-मेज या नावाने स्वयंसेवकांनी तिची देखभाल पुढे चालू ठेवली आहे, आणि तिच्यावर चालणाऱ्या दुकानांत एखादा घटक कारण न कळता नाहीसा झाला तर आजही पहिले काम तेच असते : मॅजेंटो काय म्हणते ते बाजूला ठेवून सर्व एक्सएमएल फाइलींवर एक्सएमएल-लिंट फिरवणे.